एकही ओरखडा न पाडता

"एक ओरखडा जरी पडला, तरी कपाट इथंच राहील," आत्याबाई म्हणाल्या. "नखाएवढा असला तरी. आधीच सांगून ठेवते, मागनं रडायचं न्हाई."

त्या सोप्याच्या मधोमध अनवाणी उभ्या होत्या. त्या फरशीवर चपला घालायची परवानगी त्यांनी स्वतःलाही दिलेली नव्हती. सोपा म्हणजे आमच्याकडं घराची पुढची मोठी खोली, आणि गडहिंग्लजच्या त्या गल्लीत एवढा मोठा नि एवढा पांढराफेक सोपा दुसऱ्या कुणाचा नव्हता. सगळा संगमरवर. रोज सकाळी आधी ओल्या आणि मग कोरड्या फडक्यानं पुसायचा. इतकी वर्षं तो गुडघ्यांवर बसून मीच पुसला होता. आता मात्र मी परक्यासारखी उंबऱ्याबाहेर उभी होते, कारण आत्याबाईंच्या मुलाशी, रणजितशी, माझा काडीमोड झाला होता. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्याला मामा. काडीमोड झाला तरी जिभेची सवय जात नाही.

माझ्यामागं पायरीवर माझे आबा होते, धाकटा भाऊ दादू होता, आणि आबांनी गावाकडून आणलेली त्यांची गुऱ्हाळातली माणसं. गल्लीत ट्रॅक्टरची ट्रॉली लावली होती. आम्ही कपाट न्यायला आलो होतो.

"मास्तर, ऐकलंसा न्हवं तुम्ही?" आत्याबाईंनी विचारलं.

देसाई मास्तर कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. काडीमोडाच्या बैठकीत दोन्हीकडच्यांनी त्यांनाच मधे घातलं होतं. ते म्हणाले, "ऐकलं. पण काकी, कपाट तिच्या बापानं आंदणात दिलेलं आहे. ते तिनं न्यायचं, हे बैठकीत ठरलंय."

"न्यावं की! कपाट तिचं, पर फरशी माझी हाय. ती काय तिच्या बापानं दिल्याली न्हाई."

रणजित आतल्या दाराला टेकून उभा होता. नवा सफारी, केसाला तेल. तो हसला आणि म्हणाला, "आई, कशाला वाद घालतीस? गेल्या दिवाळीला रंग देताना आम्ही चौघं तरणी पोरं लागलो हुतो. तसूभर हललं न्हाई ते. उचलू दे की त्यांना."

मी म्हणाले, "आत्याबाई, तुमची अट मला मंजूर आहे. पण माझंही एक ऐका. ओरखडा पडला नाही, तर कपाट माझं आणि फरशी तुमची, जशी असेल तशी. मागाहून आमच्या माणसांना एक शब्द बोलायचा नाही. मास्तरांच्या समोर कबूल करा."

"आणि कशी असणार? आरशासारखी हाय." त्यांनी पायाच्या अंगठ्यानं फरशी दाबून दाखवली. "कबूल!"

मास्तरांनी मान हलवली.  

ते कपाट फणसाचं होतं. आजऱ्याच्या बाजूला आमचं गाव, तिथं आमच्या दारातच फणसाचं झाड होतं. माझं लग्न ठरलं तेव्हा आबांनी ते तोडलं, सुताराला घरी ठेवून घेतलं आणि हे कपाट करवून घेतलं. माझ्या डोक्याहून हातभर उंच. वर काचेची दारं, खाली खण. कमरेएवढ्या उंचीवर चारी बाजूंनी बाहेर आलेला जाड कंगोरा, आणि तळाला वीतभर रुंदीची पट्टी, अगदी जमिनीला टेकलेली. नवं होतं तेव्हा ते हळदीसारखं पिवळं दिसायचं. पुढं त्याला तांबूस रंग चढला. आत्याबाईंनी त्यात आपली पितळी भांडी मांडली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला सुरुवात केली. कपाट कुठलं, असं कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, "घरचंच हाय." कुठल्या घरचं ते सांगायच्या नाहीत.

आमच्या लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांनी तो संगमरवर आला. आत्याबाईंची ती फार जुनी हौस होती. मामांचं बी-बियाणांचं दुकान होतं आणि पैसा होता, पण मामा म्हणजे अगदी कवडीचुंबक. पाहुण्याला चहा सांगताना बशीकडं बघून सांगणारा माणूस. तरी आत्याबाई थोरल्या लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या तेव्हा मामांनी काय मनावर घेतलं कोण जाणे, त्या यायच्या आत त्यांनी सोप्याला संगमरवर घालून घेतला. रणजित तेव्हा निपाणीला नोकरीला होता आणि घरात मी नि मामा दोघंच होतो. गवंड्यांना चहापाणी मीच करत होते. आत्याबाई आल्या, उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि चक्क रडल्या. त्या दिवसापासून आमच्या घरात माणसं खाली आणि फरशी वर, असं झालं.

आणि मग एकदा माझे आबा आले.

आबा गुळव्या. गुऱ्हाळात चुलवाणावर काहील उकळत असते, तिच्यातला रस कधी गूळ होतो हे बघणारा माणूस. सगळा हंगाम त्यांचा पाय चुलीच्या राखेत आणि चिपाडांत. टाचांना अशा भेगा की त्यांत चार आण्याचं नाणं उभं राहील. हंगाम संपल्यावर ते लेकीला बघायला आले. एका खांद्यावर गुळाची ढेप, दुसऱ्या खांद्यावर घोंगडं. दारात पाय धुतले आणि आत आले. दमले होते, म्हणून घोंगडं अंथरून कपाटाशेजारी बसायला लागले. आपल्या दारातल्या फणसाला जरा टेकावं, एवढंच त्यांच्या मनात असणार.

"अहो पावणं!" आत्याबाई ओरडल्या. "ते घोंगडं आधी भाईर न्या. वास मारतंय."

आबांनी गडबडीनं घोंगडं गोळा केलं.

"आणि टाचा बघा की जरा स्वतःच्या! माझ्या फरशीवर ओरखडं उठतील. तुम्ही आपलं मागच्या परड्यातच बसा, तिथं जमीन हाय. तुम्हास्नी तीच बरी वाटंल."

रणजित तिथंच होता. तो हसला. शेजारची हिराकाकू काहीतरी मागायला आली होती, तीही पदर तोंडाला लावून हसली. आबा चवड्यांवर चालत बाहेर गेले, टाच टेकू न देता, एवढा थोराड माणूस. परड्यात शेणकुटांच्या ढिगाजवळ बसून त्यांनी जेवण केलं. मी वाढायला गेले तर म्हणाले, "आमटी झकास झालीया, विजू." त्यांना माझ्या डोळ्यांकडं बघवेना.

त्या दिवशी मी ठरवलं की याची परतफेड झाल्याशिवाय मी मरणार नाही. नुसतं मनात म्हटलं नाही, देवापुढं उभी राहून म्हटलं. लोक म्हणतात, सूड घेणारा आधी आपलंच वाटोळं करतो. म्हणोत. माझं वाटोळं रणजितनं आधीच करून ठेवलं होतं. त्याचं निपाणीत दुसरीकडं सूत जुळलं होतं, मामा गेले त्याच वर्षी ते उघडं झालं, आणि मला सगळ्यांनी मिळून माहेरी घालवलं. बैठकीत मी फक्त माझं कपाट मागितलं. आत्याबाईंना ते सोडवेना, कारण निपाणीचे पाहुणे घर बघायला आले तेव्हा त्यांनी म्हणे कपाटावरून हात फिरवला होता आणि विचारलं होतं, "केवढं जुनं असंल हो?" आत्याबाईंनी सांगितलं होतं, "आमच्या आजेसासऱ्यांपासनं हाय."

हे मला हिराकाकूनं सांगितलं. काडीमोडानंतर ती फिरली आणि माझ्या बाजूची झाली. रणजितच्या दुसऱ्या लग्नाची सुपारी कधी फुटणार, ती तारीखही तिनंच कळवली. कपाट दिवाळीच्या आत न्यायचं एवढंच बैठकीत ठरलं होतं. मी सुपारीच्या दिवसाची सकाळ निवडली.

आबांना हे पटत नव्हतं. ट्रॉलीत सारी वाट ते तेच म्हणत होते, "जाऊ दे पोरी. एका कपाटासाठनं कशाला कुणाच्या शुभ कामात जायचं? लाकूडच हाय शेवटी."

"आबा, ते तुमचं झाड आहे."

"झाड तोडलं तवाच माझं संपलं की."

"माझं नाही संपलं," मी म्हणाले. "आणि एक ऐका. कपाट ढकलायचं नाही, ओढायचं नाही. काहील उचलता तसं उचलायचं. सरळ वर."

"का गं? घोंगड्यावर घालून वढलं की सरकतंय की गुळगुळीत फरशीवर."

"सरकतंय. पण आधी सरळ वर उचलायचं, टीचभर तरी. मग पुढं घ्यायचं आणि मग घोंगड्यावर ठेवायचं. का ते विचारू नका."

आबांनी माझ्याकडं निरखून बघितलं. जन्मभर काहिलीकडं बघून बघून त्यांना आतलं ओळखायची सवय होती.

अट ठरली आणि आम्ही कामाला लागलो. मी खण काढले, काचेची दारं उतरवून चादरीत गुंडाळली. आत्याबाईंची पितळी भांडी मी एकेक करून त्यांच्या हातात दिली. त्या प्रत्येक भांडं उलटंसुलटं करून बघत होत्या. गडी पाय धुऊन आत आले. बांबूंच्या टोकांना गोणपाट गुंडाळून आणला होता. भिंतीला ओल येते म्हणून कपाट पहिल्यापासून वीतभर पुढं ठेवलेलं होतं. एक बांबू मागच्या फटीतून घातला, एक पुढून, दोन्ही कंगोऱ्याच्या खाली, आणि चारी कोपऱ्यांवर कासऱ्यानं आवळून बांधले. कपाट आता त्या बांबूंवर पालखीसारखं बसणार होतं.

दादूला राहवेना. त्यानं उगीच खांदा लावून कपाट ढकलून बघितलं. काही नाही. पुन्हा पाय रोवून ढकललं. कपाट जमिनीत उगवल्यासारखं ठाम.

आत्याबाई खळखळून हसल्या. "त्येला जायाचंच न्हाई बाई! त्येलाबी कळतंय, सुखाचं घर कुठलं ते."

"दादू, बाजूला हो," मी म्हणाले. "आबा, तुम्ही या."

आबा अजून पायरीवरच उभे होते. ते आत्याबाईंकडं बघत होते. आत्याबाई त्यांच्या पायांकडं बघत होत्या.

"ईनबाई," आबा विहिणीला म्हणाले, "येऊ का?"

"या की. पर टाचा जपून. मी बघायला बसल्ये."

आणि त्या खरोखरच बसल्या. पदर खोचून खाली बसल्या, हात फरशीवर टेकले आणि मान वाकडी करून उजेडात तिरक्या नजरेनं बघायला लागल्या. मला ते बघून आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आत्याबाई गुडघ्यांवर होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांसमोरून माझ्या बापाच्या टाचा चालत गेल्या. या वेळी पुऱ्या टेकवून.

आबांनी खांद्यावरचं घोंगडं उतरवलं, चौघडी केली आणि कपाटापुढं फरशीवर अंथरलं. आत्याबाईंनी नाक मुरडलं, पण ते राहू दिलं. फरशीसाठीच होतं ते.

बांबूच्या प्रत्येक टोकाला दोघं दोघं वाकले. आबा पुढच्या डाव्या टोकाला. काहील उतरवताना एक माणूस जरी मागं-पुढं झाला तरी उकळता रस अंगावर येतो. त्यामुळं ही माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघत नाहीत, फक्त गुळव्याचा आवाज ऐकतात. आबांनी श्वास घेतला.

"खांदा लावा. घाई न्हाई. हांऽऽऽ... वर!"

बांबू करकरले. एक क्षणभर काहीच झालं नाही आणि रणजितच्या ओठांवर हसू आलं. मग तळातून कचकन आवाज आला, वाळका चुना सुटल्यासारखा, आणि कपाट वर आलं. सरळ, एखादं रोप मातीतून उपटावं तसं. गड्यांपैकी एकाची नजर खाली गेली आणि त्यानं आ वासला.

"खाली बघायचं न्हाई," आबा शांतपणे म्हणाले. त्यांनी स्वतः बघितलं होतं. "म्होरं बघा. एक पाऊल. आनि एक. थांबा. सावकाश... ठेवा."

कपाट घोंगड्यावर टेकलं. आता ते आमच्या आणि भिंतीच्या मधे होतं, आणि त्याच्यामागं काय आहे ते दाराकडून दिसत नव्हतं. आत्याबाईंचं तिकडं लक्षही नव्हतं. त्या रांगत रांगत पुढं आल्या होत्या आणि आबांची टाच जिथं जिथं पडली होती तिथं तिथं बोट फिरवत होत्या.

"वढा," आबा म्हणाले.

घोंगड्याची दोन टोकं दादूनं आणि एका गड्यानं धरली, बाकीच्यांनी मागून नुसता हात ठेवला. लोकर गुळगुळीत दगडावरून कसलाही आवाज न करता सरकली. मघाशी दादूला न हललेलं कपाट आता पोराच्या गाड्यासारखं निघालं. पुढच्या दाराशी येऊन उभा राहिलेला रणजित दूर झाला. आत्याबाई वाकून बरोबर चालत होत्या, घोंगड्याच्या कडेला डोळा लावून, एका अंगाला बघायच्या, मग वळसा घालून दुसऱ्या अंगाला. उंबऱ्यावरून गड्यांनी पुन्हा बांबूंवर उचललं, पायऱ्या उतरवल्या आणि ट्रॉलीच्या फळीवरून वर चढवलं. मी मात्र सोप्यातच थांबले. मला हलायचं नव्हतं.

मास्तर खुर्चीतून उठले. "काकी, बघितलं न्हवं नीट? आहे कुठं ओरखडा?"

आत्याबाईंनी दारातून सोप्याच्या मध्यापर्यंतची वाट पुन्हा एकदा वाकून तपासली. खूप वेळ लावला. एका जागी थांबल्या, नखानं खरवडलं, पण तो भाताचा वाळका कण निघाला.

"न्हाई," त्या म्हणाल्या. त्यांना ते जड गेलं. "न्हाई पडला."

"मोठ्यानं सांगा, आत्याबाई," मी म्हणाले. "मास्तरांना कमी ऐकू येतं."

"न्हाई म्हटलं न्हवं! न्या जावा तुमचं लाकूड!" असं म्हणून त्या सरळ झाल्या, कमरेवर हात ठेवला, आणि वळल्या.

कपाट होतं तिथं, भिंतीपासून वीतभर अंतरावर, एक लांबरुंद काळा चौकोन पडला होता. पांढऱ्या संगमरवराच्या कडा सुरीनं कापल्यासारख्या चारी बाजूंनी येऊन थांबल्या होत्या आणि मधे तीन-चार बोटं खोल खड्डा होता. तळाला जमीन. शेणानं सारवलेली, त्या घराची जुनी जमीन. सारवताना फिरवलेल्या हाताचे अर्धगोल अजून तसेच होते, आणि ते आत्याबाईंचेच होते. संगमरवर येण्याआधी त्या जमिनीला मला हात लावायची मुभा नव्हती, सुनेला नीट सारवता येत नाही म्हणून.

"ह्ये काय?" आत्याबाई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक होता. "ह्ये कुणी केलं?"

"मामांनी," मी म्हणाले.

"कोण मामांनी?"

"तुमच्या मालकांनी. दगड कमी पडला होता, आणि आणखी मागवायचा म्हणजे पैसे पडणार. गवंडी म्हणाला कपाट हलवा, तर मामा म्हणाले, कशाला? आंदणाचं कपाट सून असेपर्यंत जागचं हलणार नाही, आणि सून कुठं चाललीय? त्याच्या भोवतीनं घाल. खाली कोण बघतंय."

रणजित पुढं आला आणि त्या खड्ड्याकडं बघत राहिला. दिवाळीला चौघांना कपाट का हललं नाही, ते त्याला आता समजलं असावं. त्याचं तोंड उघडं होतं.

"तुला ठावं हुतं," आत्याबाई म्हणाल्या. "इतकी वर्सं तुला ठावं हुतं, आणि तू माझ्याजवळ बोलली न्हाईस!"

"मामांनी मला शपथ घातली होती. म्हणाले, तुझ्या आत्याबाईला कळलं तर ती मला त्याच खड्ड्यात पुरेल." हे सांगताना मला हसू आलं आणि ते मी लपवलं नाही. "आता ते गेले. शपथ सुटली."

"मास्तर!" आत्याबाई किंचाळल्या. "मास्तर, ही बघा! माझ्या घराचं वाटुळं करून निघाली!"

मास्तर चष्मा पुसत होते. "काकी, ओरखडा नाही असं तुम्हीच आत्ता म्हणालात. आणि फरशी जशी असेल तशी तुमची, हेही कबूल केलंत. माझ्यासमोर."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी जीपचा हॉर्न वाजला. आमची ट्रॉली आडवी होती, म्हणून जीप तिथंच अडकली. हिराकाकू दारात येऊन ओरडली, "पावणं आलं हो निपाणीचं! उतरून चालत येत्यात!"

मग जी धांदल उडाली ती मी आयुष्यभर विसरणार नाही, आणि विसरायची मला इच्छाही नाही. रणजितनं आतून सतरंजी आणून खड्ड्यावर टाकली. ती मधे बसली आणि खड्ड्याचा आकार आणखीच उठून दिसायला लागला. वर चादर टाकली, तीही बसली. "गादी आन!" आत्याबाई म्हणाल्या, आणि मग स्वतःच म्हणाल्या, "नगं नगं, सुपारीत सोप्यात गादी कशी घालायची, लोकं काय म्हणतील." त्यांच्या कपाळावर घाम आला होता. काहीतरी जाड हवं होतं, जे घडी घालून त्या चौकोनात बरोबर बसेल आणि वर सतरंजी अंथरता येईल.

दारात आबा उभे होते. त्यांच्या हातात झटकलेलं घोंगडं होतं, चौघडी केलेलं.

आत्याबाईंची नजर त्याच्यावर गेली. मी बघत होते. त्या नजरेत आधी हिशोब आला, मग लाज आली, मग बाहेरून पाहुण्यांच्या बोलण्याचा आवाज जवळ आला आणि लाज गेली.

"विजू," त्या म्हणाल्या. बऱ्याच वर्षांनी त्यांनी मला नावानं हाक मारली. "तेवढं घोंगडं राहू दे गं इथं. आजच्या दिवस. उद्या धुऊन धाडून देते."

"माझं नाही ते, आत्याबाई," मी म्हणाले. "ज्यांचं आहे त्यांना विचारा."

त्या आबांकडं वळल्या.  डोक्यावरचा पदर सारखा केला, जो त्यांनी आबांसमोर कधीच सारखा केला नव्हता.

"ईवाई," त्या म्हणाल्या, "तेवढं घोंगडं... पावणं आल्यात दारात. एवढी लाज राखा."

 मला माझा बाप ठाऊक होता. शत्रूनं पाणी मागितलं तरी तांब्या घासून देणारा माणूस. ते देणार, आणि मी इतकी वर्षं धरून ठेवलेलं सगळं पाण्यात जाणार, असं मला वाटलं.

आबांनी घोंगड्याकडं बघितलं. मग खाली स्वतःच्या पायांकडं बघितलं. मग त्या पांढऱ्या फरशीकडं, जिच्यावर त्यांच्या टाचांचा एकही माग राहिला नव्हता. त्यांनी घोंगडं उचलून खांद्यावर टाकलं.

"दिलं असतं, ईनबाई," ते अगदी नरमाईनं म्हणाले. "पर वास मारतंय. पावण्यास्नी तरास हुईल."

आणि ते पायऱ्या उतरले. मी त्यांच्यामागून बाहेर पडले. वाटेत जरीकाठाच्या बायका आणि फेटेवाले पुरुष आम्हाला ओलांडून आत गेले. उंबऱ्यातून एक जाड आवाज आला, "अहो, ते तुमचं जुनं कपाट कुठं गेलं?" त्या प्रश्नाला आत्याबाईंनी काय उत्तर दिलं ते हिराकाकूनं मला पुढं तीन-चार वेळा रंगवून सांगितलं. दर वेळी वेगळं सांगितलं, पण माझं आणि आबांचं नाव घेतल्याशिवाय त्यांची सुटका झाली नाही, एवढं प्रत्येक वेळी त्यात होतं. सुपारी फुटली, लग्नही झालं. खड्ड्यात नवा दगड बसवला, पण तसला पांढरा पुन्हा मिळाला नाही आणि पिवळट बसला. आता त्याच्यावर लोखंडी कपाट उभं आहे, आणि ते कुणाला हलवू देत नाहीत म्हणे.

ट्रॉली हलली. गडी पुढच्या फळीला धरून बसले होते आणि दादू राहून राहून हसत होता.  नदी ओलांडल्यावर आबा म्हणाले, "विजू, तुझा मामा लई चिकट माणूस हुता."

"होय आबा."

"देव त्येचं भलं करो," आबा म्हणाले. त्यांनी ट्रॉलीत घोंगडं अंथरलं, फणसाला पाठ टेकली आणि दोन्ही टाचा लांब केल्या.